मोकळा रकाना

वर्धा शहराची वस्ती कोठे संपते आणि नालवाडी कोठे सुरू होते, हे आता नवख्या माणसाला सहज ओळखता येत नाही. घरांना घरे लागली आहेत आणि रस्त्यांना रस्ते येऊन मिळाले आहेत. तरीही या गावाची स्वतःची अशी एक ओळख आहे. १९३२ साली विनोबा भावे येथे येऊन राहिले. १९३८ मध्ये धाम नदीच्या काठी पवनारला जाईपर्यंत सूतकताईचे आणि ग्रामसेवेचे त्यांचे प्रयोग येथेच चालले होते. पुढे ज्या पुरुषाने पायी चालून सारा देश पाहिला, त्याच्या आयुष्याची काही वर्षे या लहानशा गावात गेली. त्यामुळे प्रवासाची गोष्ट निघाली की येथील एखाद्या वृद्ध माणसाचा स्वर थोडा गंभीर झाला, तर त्यात नवल नाही.

अशाच एका घराच्या ओसरीवर, कार्तिकातल्या एका संध्याकाळी, दोन माणसे मध्ये एक वही ठेवून बसली होती. एक होते त्या घरचे आजोबा. त्यांनी चौतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला होता. म्हणून सारा गाव त्यांना गुरुजी म्हणत असे. दुसरा त्यांचा नातू. त्याचे शिक्षण नुकतेच संपले होते आणि जानेवारीत तो नोकरीवर रुजू व्हायचा होता. नोकरी लागली की दिवस आपले राहत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होते. म्हणून डिसेंबरातले बारा दिवस घरच्या जुन्या मोटारीने महाराष्ट्र आणि गोवा फिरून यावे, असा बेत त्यांनी केला होता. बेत एकच होता, पण त्यामागची ओढ मात्र दोघांची दोन ठिकाणी होती.

नातवाला फुटबॉलचे वेड होते. नागपूरजवळच्या कामठीत इंग्रजांनी लष्कराची छावणी वसवली आणि छावणीबरोबर हा खेळही त्या गावात आला. छावणीबाहेरच्या गल्ल्यांनी तो असा आपलासा केला की, आज विदर्भात फुटबॉलचे नाव काढताच कामठीचे नाव निघते. शाळेत असल्यापासून नातू तेथले सामने पाहायला जाई आणि रात्री उशिरा घसा बसवून घरी परत येई. आजोबांचे वेड निराळे होते. त्यांना गाणे हवे असे. तरुणपणी ते दोनदा पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला गेले होते. थंडीत शाल गुंडाळून रात्रभर मांडवात बसल्याच्या आठवणी ते आजही काल घडल्यासारख्या सांगत. नातवाला ते गाणे लांबलचक वाटे. आजोबांना तो खेळ म्हणजे बावीस जणांनी एका चेंडूमागे निष्कारण धावणे वाटे. एका घरात राहून, एका ताटात वाढलेली भाकरी वाटून खाऊनही माणसे एकमेकांच्या आवडीपासून अशी कोसभर दूर राहू शकतात.

पहिल्या संध्याकाळी आजोबांनी भिंतीवरचा जुना नकाशा खाली उतरवला. नातवाने मोबाईल काढला.

"आजोबा, नकाशा कशाला? हा प्रत्येक वळण सांगतो."

"वळण सांगतो, हे खरे," आजोबा म्हणाले. "पण त्या वळणापलीकडे कोणता मुलूख आहे, हे नकाशा सांगतो. दोन्ही राहू देत."

नकाशावर पेन्सिलीची रेघ ओढली गेली. नालवाडीहून निघून वर्धा जिल्ह्यातूनच जाणाऱ्या समृद्धी महामार्गाला लागायचे. नागपूरपासून मुंबईच्या दिशेने जाणारा हा मार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि जून २०२५ मध्ये तो पूर्ण झाला. त्या मार्गाने छत्रपती संभाजीनगर गाठायचे, तेथून पुणे, मग सातारा-कराडवरून मिरज, मिरजेहून कोल्हापूर, आणि शेवटी आजरा, आंबोली, सावंतवाडी करीत गोव्यात मडगाव. जाण्याचेच अंतर बाराशे किलोमीटरांच्या आसपास भरत होते.

नातवाने सुचवले, "पहिल्या दिवशी एका दमात पुणे गाठू."

आजोबांनी मान हलवली. सरळ, रुंद आणि एकसारखा रस्ता माणसाला थकवत नाही असे वाटते, पण तोच त्याचा डोळा लावतो. वळणे असली की मन जागे राहते. सरळ रस्त्यावर मन झोपते आणि पाय तेवढा वेगावर राहतो. त्यांनी पहिला मुक्काम संभाजीनगरला ठरवला आणि शेजारी लिहिले : 'दर दोन तासांनी थांबणे. चहा नको असला तरी थांबणे.'

मग प्रत्येक गावापुढे, तेथे का जायचे, हे लिहायला सुरुवात झाली आणि दोघांचेही शिक्षण त्याच वेळी सुरू झाले.

पुण्यापुढे आजोबांनी महोत्सव लिहिला. सवाई गंधर्वांचे निधन १९५२ साली झाले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ पासून हा उत्सव सुरू केला. मिरजेपुढे त्यांनी अब्दुल करीम खाँ यांचे नाव लिहिले. खाँसाहेब सवाई गंधर्वांचे गुरू. ते मिरजेत राहत आणि १९३७ मध्ये देहावसान झाल्यावर तेथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. कोल्हापुरापुढे अल्लादिया खाँ यांचे नाव आले. शाहू महाराजांनी त्यांना आपल्या दरबारी आश्रय दिला होता. अल्लादिया खाँच्या शिष्या केसरबाई केरकर या मूळच्या गोव्यातल्या केरी गावच्या. त्यांच्या गाण्याची एक ध्वनिमुद्रिका १९७७ साली 'व्हॉयेजर' या अमेरिकन अंतराळयानांबरोबर पाठवण्यात आली आणि ती सूर्यमालेच्या पलीकडच्या प्रवासाला निघून गेली.

"म्हणजे पुण्यापासून गोव्यापर्यंत ही रेघ गुरूपासून शिष्यापर्यंतच जाते की!" नातू आश्चर्याने म्हणाला.

"मी तर ती आधीपासून तशीच पाहत होतो," आजोबा हसून म्हणाले. "आता तुझी रेघ दाखव."

नातवाने त्याच गावांपुढे आपली नोंद केली. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने ओळखले जातात : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. एके काळी ज्या तालमींत फक्त कुस्तीची लाल माती मळली जात असे, त्याच तालमींनी आणि पेठांनी हा परदेशी खेळ घरात घेतला. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की शहराचे दोन तुकडे पडतात आणि सामना संपला की ते पुन्हा सांधले जातात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताच्या संघातून खेळला. गोव्याची गोष्ट तर याहून जुनी. १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या एका पाद्र्याने शिवोली येथे हा खेळ आणला, असे मानले जाते. पुढे गावोगावच्या भातशेतांत, पीक निघाल्यावर, मुलांनी बांबूचे गोलखांब रोवले. २०१२ मध्ये गोवा सरकारने फुटबॉल हा राज्याचा खेळ म्हणून जाहीर केला.

आजोबांनी सारे ऐकले आणि विचारले, "तो ऑफसाईड म्हणजे काय रे? सामन्याच्या बातम्या लागल्या की तो शब्द कानी पडतो."

नातवाने स्वयंपाकघरातून मूठभर चिंचोके आणले आणि ओसरीच्या फरशीवर दोन संघ मांडले. चेंडू पुढे धाडला जातो त्या क्षणी पलीकडच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या गड्याला ओलांडून जो आधीच चेंडूपुढे गोलाजवळ जाऊन उभा असतो, तो दोषी. एका मोठ्या शेंगदाण्याला त्याने चेंडू केले होते. तासाभराने आजोबांनी स्वतःच एक चिंचोका मागे सरकवला आणि म्हणाले, "म्हणजे घाई करून आधी जाऊन बसायचे नाही, आणि वेळ आल्यावर मागेही राहायचे नाही. हे तर गवयालाही सांगावे लागते."

दुसऱ्या दिवशी पाळी नातवाची होती. आजोबांनी त्याला हातावर त्रिताल मोजायला लावला. सोळा मात्रा, चार विभागांपैकी तिसऱ्याची जागा खाली, आणि फिरून पहिल्या मात्रेवर सम. गाणारा कितीही दूर भटकला तरी त्याने समेवर परत यायचे. आणि तबलजी, श्रोते, सारा मांडव त्या क्षणाची वाट पाहत असतो. नातवाला आधी दहाव्या मात्रेवर गोंधळ होई. तिसऱ्या दिवशी रेडिओवर विलंबित ख्याल चालू असताना त्याचा हात नेमका समेवर पडला आणि तो स्वतःच दचकला. त्या दिवसापासून ते गाणे त्याला लांबलचक वाटले नाही. ते कोठे चालले आहे, हे त्याला आता कळू लागले होते.

याच सुमारास एक शेजारी सहज डोकावले. वहीवर नजर टाकून ते म्हणाले, "गुरुजी, हल्ली सामना आणि गाणे दोन्ही घरबसल्या मोबाईलवर दिसते. एवढ्यासाठी हजार कोस धावायचे?"

आजोबा आणि नातू दोघेही एकदम उत्तर द्यायला लागले आणि हसले. नातू म्हणाला, "काका, पडद्यावर चेंडू असेल तेथेच दिसते. मैदानात मात्र, चेंडू नसलेल्या बाजूला एकटा उभा राहून वाट पाहणारा खेळाडूही दिसतो. खेळ तेथेच घडत असतो." आजोबा म्हणाले, "आणि गाण्याआधी तानपुरे जुळवताना जी पाच मिनिटे जातात, ती कोणी पडद्यावर दाखवत नाही. त्या पाच मिनिटांत मांडव शांत होतो. शिवाय समोरून दाद गेली की गाणे बदलते. आपण ऐकल्यामुळे काही बदलते, ही गोष्ट घरी बसून कशी मिळणार?"

शेजारी मान डोलवत निघून गेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते एका बाजूने बोलले होते.

परंतु एकमत झाले म्हणजे आखणी झाली असे नव्हे. खरी अडचण रविवारची होती. महोत्सव अलीकडे बुधवारी सुरू होऊन रविवारी संपतो. अखेरीस सवाई गंधर्वांच्या आवाजातली जुनी भैरवी ध्वनिमुद्रणावरून ऐकवण्याची तेथे प्रथा पडली आहे. आजोबांना ती मांडवात बसून ऐकायची होती. नातवाचा हिशेब वेगळा होता. सुटीच्या दिवशीच मैदान खच्चून भरते. तो रविवार कोल्हापुरात घालवला नाही तर जे पाहायला जायचे तेच हातचे जाईल. दोघांचेही म्हणणे रास्त होते. दोन दिवस वही मिटलेलीच राहिली.

तिसऱ्या दिवशी नातवाने ती उघडली, तेव्हा पुण्याच्या पानावर आजोबांनी बारीक अक्षरात लिहिलेली एक ओळ त्याला दिसली : 'जागा मंचाच्या उजव्या हाताला घेणे. डावा कान मंचाकडे यावा.'

त्याने स्वयंपाकघरात जाऊन आजीला विचारले. आजी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "दोन वर्षे झाली, त्यांना उजव्या कानाने नीट ऐकू येत नाही. डाव्याचेही डॉक्टरांनी फार काही चांगले सांगितले नाही. यंत्र लावतात, पण त्यातून गाणे पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसे ऐकू येते म्हणतात. तुला सांगू नको म्हणाले होते."

नातू बाहेर आला आणि काही न बोलता त्याने कोल्हापुरासमोरची आपली नोंद खोडली. आजोबांनी ते पाहिले. त्यांचा चेहरा कठोर झाला. शाळेत एखाद्या मुलाने दुसऱ्याचे उत्तर पाहून लिहिले की तो जसा होत असे, तसाच.

"कोणी सांगितले तुला?"

"कोणी का सांगेना. आपण रविवारी पुण्यालाच राहू. फुटबॉल मला पुढे कितीतरी पाहायला मिळेल."

"नाही," आजोबा म्हणाले. "दयेवर ठरवलेला बेत मला नको. अशा प्रवासात एक जण उपकार करीत बसतो आणि दुसरा ते फेडत बसतो. प्रवास कोणाचाच होत नाही. न्यायाने काय ठरते ते पाहू."

मग त्यांनी पट्टी घेऊन वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारल्या. तीन रकाने झाले. पहिल्यावर त्यांनी 'निश्चित' असे लिहिले, दुसऱ्यावर 'संभाव्य', आणि तिसऱ्यावर 'मोकळे'. जी गोष्ट आपल्यासाठी थांबणार नाही आणि जिची तारीख आधीपासून ठरलेली आहे, ती पहिल्या रकान्यात. महोत्सवाचे दिवस आधी जाहीर होतात. म्हणून पुणे आणि रविवार तेथे गेले. सामन्याचे दिवस पुढेमागे होऊ शकतात. म्हणून कोल्हापूर दुसऱ्या रकान्यात गेले. परंतु जे पुढेमागे होऊ शकते, त्याला एक दिवस देऊन भागत नाही. म्हणून कोल्हापुरासाठी एकाऐवजी दोन दिवस राखून ठेवले. सामना मिळाला तर उत्तमच. न मिळाला तर संध्याकाळी सरावाला उतरलेले संघ पाहायचे. गोव्यातही दोन दिवस. शिवाय एक अट पडली : नातवाने निदान एक राग आरंभापासून शेवटपर्यंत उठल्यावाचून ऐकायचा, आणि आजोबांनी निदान एक सामना पूर्ण नव्वद मिनिटे, पेंगल्यावाचून पाहायचा.

नातवानेही एक सूचना केली. मिरजेत सतारी आणि तानपुरे घडवणाऱ्या कारागिरांची घरे पिढ्यान्पिढ्या आहेत. वाळवलेल्या मोठ्या भोपळ्यापासून ते वाद्याचा तुंबा करतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. "तेथे अर्धा दिवस थांबू," तो म्हणाला. "तानपुरा वाजत असताना भोपळ्यावर हात ठेवला, तर सूर हातालाही कळतो, असे मी वाचले आहे."

आजोबा बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग त्यांनी 'निश्चित' या रकान्यात मिरज लिहिले. ही दया नव्हती. हा विचार होता. आणि या दोहोंतला फरक त्यांना चांगला कळत होता.

"तिसरा रकाना मग कशाला?" नातवाने विचारले.

आजोबांनी चष्मा काढून पुसला. १९६४ साली विनोबा तेरा वर्षांच्या पदयात्रेनंतर पवनारला परतले, तेव्हा आजोबा शाळेत शिकत होते. वडिलांचे बोट धरून नव्हे, तर त्यांच्या मागे मागे धावत ते पवनारला गेले होते. परत येताना त्यांनी वडिलांना विचारले होते, 'रोज रात्री कोठे राहायचे, हे त्यांना कसे कळत असेल?' वडील म्हणाले होते, 'पुढचे गाव आधी ठरलेले असे आणि त्या गावाला निरोपही गेलेला असे. पण त्या गावात कोण काय देईल, हे मात्र कोणालाच ठाऊक नसे.' १९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणातल्या पोचमपल्ली गावी विनोबा पोहोचले, ते गाव मुक्कामासाठी ठरलेले होते. परंतु तेथल्या भूमिहीनांची मागणी ऐकून एक गृहस्थ सभेत उभे राहतील आणि आपली शंभर एकर जमीन देऊ करतील, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते. त्यातूनच पुढे भूदानाची सारी चळवळ निघाली.

"मुक्काम ठरवायचे," आजोबा म्हणाले, "पण मुक्कामावर काय मिळावे, हेही ठरवून गेलो तर मिळालेले दिसत नाही. ज्या आखणीत मोकळा रकाना नाही, ती आखणी नव्हे. तो हट्ट."

शेवटचे काम हिशेबाचे होते, आणि घरातला हिशेब आजीकडे असे. वही तिच्यापुढे ठेवली. पेट्रोल, रस्त्याचे पथकर, मुक्कामाची खोली, दोन वेळचे जेवण, महोत्सवाची तिकिटे, मोटारीच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढलेली रक्कम. आजीने बोट ठेवून एक एक ओळ वाचली. बेरीज बरोबर आली. तरी तिने वही परत दिली नाही.

"यात तिसऱ्या माणसाचे जेवण कोठे आहे?"

दोघांनाही क्षणभर प्रश्न कळला नाही. मग नातू गडबडून म्हणाला, "आजी, तुला फुटबॉल आवडत नाही, गाण्याला तू कधी बसत नाहीस. आम्हांला वाटले..."

"तुम्हांला वाटले," आजी म्हणाली. "मला कोणी विचारले काय?"

आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच तो आजोबांना जास्त लागला. ते पुण्याला गेले होते, त्या दोन्ही वेळी घरी लहान मूल होते आणि आजी मागे राहिली होती. शाळेच्या सहली निघत, तेव्हाही ती मागे राहत असे. डबे करून देणे तेवढे तिच्याकडे असे. महोत्सवातली प्रत्येक रात्र आजोबांना आठवत होती. त्या रात्री घरात काय चालले असेल, हे मात्र त्यांनी कधी विचारले नव्हते.

"तुला काय पाहायचे आहे?" त्यांनी विचारले.

आजीने पदराला हात पुसले, पेन्सील घेतली आणि तिसऱ्या रकान्यात, मोकळ्या जागी, एकच शब्द लिहिला : समुद्र.

ओसरीवर कोणीच काही बोलले नाही. चौतीस वर्षे आजोबांनी छडीचे टोक नकाशाच्या डाव्या कडेला टेकवून मुलांना अरबी समुद्र दाखवला होता. मोसमी वारे कोठून येतात, खाऱ्या वाऱ्यांनी हवा सम कशी राहते, भरती-ओहोटी चंद्रामुळे कशी होते, हे त्यांच्याकडून गावाच्या दोन पिढ्या शिकल्या. आणि ज्या घरातून ते रोज शाळेत जात, त्या घरातल्या बाईने सत्तर वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. वर्ध्याहून समुद्र कितीही दूर असला, तरी इतका दूर नव्हता.

नातवाने मोबाईलवर पाहिले. मडगावच्या फातोर्डा मैदानापासून कोलव्याचा किनारा अगदी जवळ होता. "आजी, गोव्यातली पहिली सकाळ तुझी," तो म्हणाला. "सामना असला तर तो संध्याकाळी."

"मी सामन्यालाही येईन," आजी म्हणाली. "तुम्ही दोघे ओसरीवर चिंचोके मांडत होतात, तेव्हा मी आतून ऐकतच होते. त्या ऑफसाईडवाल्यावर उगाच ओरडतात. बिचारा पुढे जाऊन वाट तर पाहत असतो."

आजोबा हसले, पण लगेच त्यांनी पुन्हा पट्टी हाती घेतली. समुद्राची नोंद त्यांनी तिसऱ्या रकान्यातून उचलून पहिल्या रकान्यात नेली, 'निश्चित' या शब्दाखाली, महोत्सवाच्याही वर. मग सगळ्या रकमा तिघांच्या झाल्या. बेरीज वाढली, म्हणून मुक्काम साधे केले आणि परतीचा एक दिवस कमी केला. तिसरा रकाना पुन्हा मोकळा झाला.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी, उजाडण्यापूर्वी, मोटार अंगणातून बाहेर पडली. शेतांत वेचणीला आलेला कापूस अंधारातही पांढुरका दिसत होता. नातू गाडी चालवत होता; आजोबा डावा कान त्याच्या बोलण्याकडे येईल असे वळून बसले होते; मागच्या आसनावर आजीच्या मांडीवर जेवणाचा डबा आणि त्यावर ती वही होती. वेशीपाशी आल्यावर तिने वही उघडली आणि अंधारातच बोटाने चाचपून पाहिली. पेन्सिलीच्या रेघा हाताला लागत होत्या. पहिले दोन रकाने भरलेले होते. तिसऱ्याचा कागद गुळगुळीत लागला. तिने वही मिटली आणि काच थोडी खाली केली. पूर्वेकडे फटफटू लागले होते.

प्रवासाला निघणारा माणूस बहुधा विचारतो, कोठे जायचे, कधी पोहोचायचे आणि काय पाहायचे. हे तिन्ही प्रश्न चांगले आहेत. नालवाडीच्या त्या वहीने त्यांत चौथ्याची भर घातली : आपल्या घरातले कोण मागे राहिले आहे? या एका प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय कोणतीही आखणी पुरी झाली असे समजू नये. आणि ते उत्तर लिहायला वहीत थोडी जागा आधीपासून मोकळी ठेवलेली असावी.